पाय न लावणारे भावोजी

आमच्या भावोजींचा माणसावर विश्वास नव्हता. कुठल्याच. न्हावी दाढी करत असला की हे आरशातून त्याच्या वस्तऱ्यावर पहारा ठेवत. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला की घरी येऊन आपल्या यंत्रावर पुन्हा मोजत, आणि आकडे जुळले नाहीत तर डॉक्टर चुकले असं जाहीर करून टाकत. रिक्षात बसले तर नौपाड्यापासून स्टेशनापर्यंत 'हळू रे, हळू' चाललेलं असे आणि उतरताना त्याच रिक्षावाल्याला 'किती वेळ लावलास' म्हणून ऐकवत. "माणूस चुकतो, निर्मला," हे वाक्य मी माझ्या ताईच्या लग्नापासून ऐकत आले. आपणही माणसांतच मोडतो, ही बारीकशी गोष्ट मात्र त्यांनी कधी ध्यानात घेतली नाही.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत त्यांचं वर्कशॉप होतं. पंख्यांना लागणारे पत्र्याचे भाग तिथे तयार होत आणि त्यातले बरेचसे तिथेच परत येत. माल परत आला की भावोजी कामगारांना रांगेत उभं करून माणूस कसा चुकतो यावर प्रवचन देत. ज्या मशीनवर तो माल निघाला ते बाजूला खडखडत असे, पण त्याला कधी बोल लागला नाही. "मशीनसुद्धा माणसानेच केलेलं असतं ना?" असं मी एकदा विचारलं. माझी कीव आल्यासारखा चेहरा करून ते म्हणाले, "तो परदेशातला माणूस. आपल्यातला नव्हे." मी ठाकुर्लीला औषधांचं दुकान चालवते. मूर्ख प्रश्नांची मला सवय आहे, पण इतक्या ठामपणे दिलेली मूर्ख उत्तरं गिऱ्हाइकांकडूनही क्वचितच मिळतात.

वय झालं तसं त्यांनी वर्कशॉप विकलं आणि गाडी घेतली. साधी नव्हे, परदेशी. लांब, काळी, आणि नौपाड्याच्या गल्लीत वळताना दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना उठून उभं राहायला लावणारी. कोलशेतकडच्या एका शोरूममध्ये टाय लावलेल्या पोराने त्यांना सांगितलं, "सर, समोर काही आलं तर ही गाडी स्वतःच ब्रेक मारते. तुम्ही पाय लावायची गरजच नाही." झालं. आयुष्यभर ज्यांनी दूधवाल्याच्या मापावर विश्वास ठेवला नाही, त्यांनी विक्रेत्याच्या शब्दावर ठेवला. माणसांवर अविश्वास दाखवणाऱ्यांचं हे असंच असतं. जो माणूस खरोखर स्वतःचा फायदा बघत असतो, नेमका तोच त्यांना भरवशाचा वाटतो.

मग सुरू झाला तो खेळ. सोसायटीच्या आवारात पंपाच्या खोलीपाशी फ्रिजचं रिकामं खोकं उभं करायचं, लांबून गाडी आणायची, थोडा वेग द्यायचा आणि पाय वर घ्यायचा. गाडी टणटण घंटा वाजवी, पडद्यावर लाल चित्र दाखवी आणि खोक्याच्या अलीकडे गचकन थांबे. भावोजी खिडकीतून डोकं बाहेर काढून सगळ्यांना विचारत, "बघितलंत? पाय लावला नाही मी." येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी हे बघावंच लागे. नात्यातल्या एका जावयाने तर तीन वेळा बघितलं आणि नंतर ताईकडे येणंच कमी केलं.

खोक्यावर भागलं असतं तर मी एवढं लिहीत बसले नसते. पण शेजारच्या कुणीतरी म्हटलं, खोक्यासमोर काय, कुठलीही गाडी थांबेल. ते भावोजींना फार लागलं. त्यांनी वर बघून हाक मारली, "अगं ए, जरा खाली ये." ताई कणीक मळत होती. हात पुसत खाली आली आणि सांगितलं तिथे उभी राहिली. जादूगाराच्या खेळात पेटीत झोपणारी बाई असते ना, तशी. गाडी आली, थांबली, भावोजींनी डोकं बाहेर काढलं, आणि ताई परत कणीक मळायला वर गेली. त्या दिवसापासून खोकं भंगारात गेलं आणि त्याची जागा माझ्या सख्ख्या बहिणीने घेतली.

मी ताईला विचारलं, "तू उभी का राहतेस?"

"नाही राहिले तर ते दिवसभर तोंड पाडून बसतात."

"आणि गाडी नाही थांबली तर?"

"आजवर थांबलीय ना," ताई म्हणाली आणि लसूण सोलायला लागली. आमच्या घरात शहाणपणाची वाटणी झाली तेव्हा ताई बहुधा कणीकच मळत असावी, असं मला तेव्हा वाटलं.

त्या गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक त्या घरात वाचलं ते फक्त मी. औषधाच्या खोक्यातला चिठोरासुद्धा मी वाचते, हे तर पुस्तक होतं. एकदा आम्ही तिघं कल्याणला लग्नाला जात असताना मागच्या सीटवर बसून मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, की ही सोय फक्त मदतीसाठी आहे, गाडी थांबवण्याची जबाबदारी चालवणाऱ्याचीच. चिखलाने, धुळीने किंवा काही चिकटवल्याने समोरचा सेन्सर झाकला गेला तर ब्रेक आपोआप लागणार नाही.

भावोजींनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "ते पुस्तक वकिलांनी लिहिलेलं असतं, निर्मला. गाडी इंजिनिअरनी केलेली असते."

यंत्रावर मी अन्याय करणार नाही. त्याच दिवशी परत येताना भावोजी तोंड मागे वळवून मला लग्नातल्या बासुंदीचे दोष सांगत होते, तेवढ्यात पुढचा टेम्पो एकाएकी थांबला. आम्ही तिघंही त्या टेम्पोत घुसलो असतो. गाडीने घंटा वाजवून स्वतःला असं काही आवळलं की माझा चष्मा पुढच्या सीटवर जाऊन पडला. ती त्या दिवशी त्यांच्यापेक्षा शहाणी ठरली, हे मला मान्य आहे. त्यात फार मोठं काही नव्हतं, पण ठरली. भावोजींना मात्र त्या एका टेम्पोने कायमचं बिघडवलं. पुढे महिनाभर त्यांनी तो टेम्पो भेटेल त्याला सांगितला, आणि दर वेळी तो टेम्पो थोडा मोठा होत गेला.

नौपाड्याच्या गल्लीत मात्र त्या शहाण्या गाडीचं डोकं चालेना. भाजीची हातगाडी दिसली की ब्रेक, मंडपाचा बांबू दिसला की ब्रेक, रिक्षा आडवी घुसली की ब्रेक, आणि आमच्याकडे रिक्षा आडवी न घुसता जाते कधी? एकदा ती मारुतीच्या देवळासमोर अशी काही गचके देत चालली होती, की शेजारचा रिक्षावाला वाकून म्हणाला, "काका, नवीन शिकताय काय?"

"मी नाही, गाडी थांबतेय," भावोजी म्हणाले.

"मग गाडीला सांगा ना, हे ठाणे आहे म्हणून. घाबरतेय बिचारी."

ताई पदर तोंडाला लावून हसली. भावोजींनी काच वर केली.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, आणि तिचा मला मनस्वी राग आला. भावोजींच्या साखरेच्या गोळ्या कित्येक वर्षं माझ्या दुकानातून जात. दर महिन्याला ते ठाकुर्लीला येत, स्टुलावर बसत, माझ्या कपाटांची मांडणी कशी चुकीची आहे ते सांगत आणि गोळ्या घेऊन जात. गाडी आल्यावर ते यायचे थांबले. विचारलं तर म्हणाले, "तुझ्याकडे फार गर्दी असते. इथेच नौपाड्यात घेतो." माझ्या दुकानात गर्दी असती तर मला काय हवं होतं? परदेशी गाडीवाल्याला आता मेहुणीचं खेड्यातलं दुकान नको झालं, असा अर्थ मी घेतला. त्यांच्याबद्दल वाईट समजून घ्यायला मला फार कष्ट पडत नसत.

दसऱ्याला मी ताईकडे गेले होते. गाडीची पूजा म्हणजे घरात लग्न असल्यासारखी तयारी. भावोजींनी पहाटे गाडी धुतली, चाकांखाली लिंबं ठेवली. झेंडूचा हार स्वतः निवडून आणला होता, मनगटाएवढा जाड, मध्ये आंब्याची पानं. तो त्यांनी गाडीच्या नाकावर, जिथे काळी गुळगुळीत पट्टी असते तिथे, नाडीने घट्ट बांधला. ताईने हळद-कुंकू घेतलं. "बॉनेटवर नको, कपाळाला लाव," भावोजी म्हणाले. गाडीचं कपाळ म्हणजे समोरच्या काचेचा वरचा मधला भाग, आरशाच्या पुढचा. ताईने तिथे हळदीचं आणि कुंकवाचं ठसठशीत बोट ओढलं, वर अक्षता चिकटवल्या. मी नारळ फोडला. पुस्तक वाचलेली मी एकटीच तिथे उभी होते, पण देवाच्या कामात पुस्तक कोणाला आठवतं?

वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेलं जोडपं आपट्याची पानं द्यायला खाली आलं. नवरा गाडीकडे बघत म्हणाला, "हिला म्हणे ऑटोमॅटिक ब्रेक आहे?"

बस. नको तिथे नको तो प्रश्न. भावोजी पूजेसाठी चपला काढून उभे होते, तसेच अनवाणी गाडीत जाऊन बसले. मी म्हटलं, "आज राहू दे. ताईच्या हातात निरांजन आहे."

"त्याशिवाय मजा काय," भावोजी म्हणाले.

ताई ताट हातात घेऊन नेहमीच्या जागी उभी राहिली. गाडी आली. मी हा खेळ इतक्या वेळा पाहिला होता की घंटा कुठे वाजते ते मला पाठ होतं. ती जागा गेली आणि घंटा वाजली नाही. काचेआड भावोजींचा चेहरा एकाएकी उतरलेला दिसला, आणि मग त्यांनी मान खाली घातली. गाडी चालवताना कोणी आपल्या पायांकडे बघतं का? ते बघत होते. पायाने काही होईना, तेव्हा त्यांनी सीटशेजारचं हाताच्या ब्रेकचं छोटं बटण दोन्ही हातांनी उचलून धरलं. गाडी करकरत थांबली ती ताईच्या गुडघ्याला टेकून. हारातला झेंडू तिच्या निऱ्यांवर चुरडला गेला. ताट खाली पडलं, निरांजन विझलं, सुपारी घरंगळत पंपाच्या खोलीपर्यंत गेली.

ताई वाकली, ताट उचललं, गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाली, "उतरा खाली."

भावोजी उतरले नाहीत. आतूनच ओरडायला लागले, की ब्रेक लागला नाही, कंपनीला कोर्टात खेचतो, शोरूमच्या त्या पोराला बघून घेतो. ऐन दसऱ्याला बायकोच्या अंगावर गाडी घालून हा गृहस्थ शोरूमच्या नावाने शंख करत होता. माझं डोकं फिरलं. किल्ली काढून घ्यावी म्हणून मी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं, तर समोरच्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांत ओळ चमकत होती, समोरचा सेन्सर झाकला आहे, पुसून घ्या. गाडीने त्यांना सांगितलं होतं. पूजा झाल्यापासून बिचारी सांगत होती. नाकावर हार, डोळ्यात हळद-कुंकू, तिला समोर काय दिसणार होतं?

आणि दाराच्या कप्प्यात औषधाची पिशवी होती, नौपाड्यातल्या दुकानाची. पाकीट उलटं पडलं होतं, पण ती पाकिटं मी अंधारातही ओळखते. साखरेने पायांच्या नसा बधिर झाल्या की देतात त्या गोळ्या. माझ्या दुकानात ती चिठ्ठी आली असती तर मी त्यांना त्याच दिवशी गाडीतून उतरवलं असतं. म्हणून ती आली नव्हती.

"भावोजी, पायाला कधीपासून कळत नाही?" मी हळूच विचारलं.

त्यांचा आरडाओरडा थांबला. बाहेर ताई त्या जोडप्याला आपट्याची पानं देत होती, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा म्हणत होती.

"गाडी घेतली त्याच्या आधीपासून," ते म्हणाले. "चप्पल निसटली तरी कळत नाही. म्हणून तर ही घेतली. बुटात घोट्यावरून थोडा अंदाज येतो. आज अनवाणी होतो. पाय उचलला असं वाटलं मला. उचललेला नव्हता."

"आणि ताईला समोर उभी करत होता?"

त्यांनी गाडी बंद केली. "खोक्यासमोर थांबून मला काय करायचंय? उद्या चुकून हीच समोर आली आणि माझा पाय नाही लागला, तर गाडी हिच्यासाठी थांबते की नाही, हे बघायला नको? सारखी खात्री करून घेत होतो मी."

इतकं मूर्ख प्रेम मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. बायकोला गाडीखाली घालायची नाही म्हणून तिला रोज गाडीसमोर उभी करायची. मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी माझे डोळे भरून आले, याचा मला अजूनच राग आला.

भावोजींनी पुन्हा गाडी चालवली नाही. ती विकून टाका असं मी म्हटलं. ताईने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या ड्रायव्हिंग क्लासात नाव घातलं. साठी ओलांडलेली माझी बहीण, जिने कधी सायकलला हात लावला नव्हता, ती रोज सकाळी क्लासच्या खिळखिळ्या गाडीतून नौपाडाभर फिरायला लागली. भावोजी गॅलरीत उभे राहून वाट बघत. परत आली की विचारत, "कोणाला धडकलीस?" ती म्हणे, "आज नाही." पहिल्या परीक्षेत ती नापास झाली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलेलं मी पाहिलं. दुसऱ्या वेळी ती पास झाली.

परवाना आला त्या रविवारी तिने मला बोलावून घेतलं आणि भावोजींना खाली आणलं. एव्हाना ते काठी घेऊन चालत. ताईने त्यांना पंपाच्या खोलीपाशी, आपल्या जुन्या जागी, उभं केलं. मग गाडीत बसली, पडद्यावर काहीतरी दाबत बसली आणि काच खाली करून म्हणाली, "आपोआपचा ब्रेक बंद केलाय. हलू नका."

"अगं, माणूस चुकतो," भावोजी म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"चुकतो ना. म्हणून तर शिकले. उभे राहा."

त्यांना बाजूला होता आलं असतं. हळूहळू, काठी टेकत, पण आलं असतं. मी जवळच होते, त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलंसुद्धा. मग त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली आणि समोर बघत उभे राहिले. डॉक्टर, न्हावी, कामगार, रिक्षावाले, मी, कोणाहीवर कधी विश्वास न ठेवलेला माणूस, आणि समोरून येतेय ती नुकताच परवाना मिळालेली बाई. गाडी आली. घंटा वाजली नाही, लाल चित्र आलं नाही. त्यांच्यापासून हातभर अंतरावर ती सावकाश, अगदी दमाने, थांबली.

भावोजींच्या कपाळावर घाम आला होता. तो न पुसता ते माझ्याकडे वळले आणि गॅलऱ्यांतून बघणाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघितलंत? हिने पाय लावला."

पुढची दोन वर्षं ते ताईशेजारी बसून सगळं ठाणे फिरले. दर वळणावर तिच्या चुका काढल्या. माझ्या दुकानातही पुन्हा येऊ लागले आणि कपाटांची मांडणी अजून चुकीचीच आहे म्हणाले. मग साखरेने पायांवरून मूत्रपिंडांकडे मोर्चा वळवला, आणि एका सकाळी ताई त्यांना त्याच गाडीतून हॉस्पिटलात घेऊन गेली ती एकटीच परत आली.

परवा दसऱ्याला मी त्यांच्या फोटोला हार घातला. झेंडूचाच, जाड. घालून मागे सरकले तोच ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हार जरा खाली घे गं. डोळ्यांवर आलाय त्यांच्या."

मी मुकाट्याने खाली घेतला.